खिळ्यावरचं टमरेल

मित्रांनो, मी एक जुनं टमरेल आहे. गोठ्यामागच्या खिळ्याला लटकलेलं. एका म्हातारीचा जीव मी वाचवला, असं सांगितलं तर कुणाचाच विश्वास बसणार नाही. हसा खुशाल, पण ऐका.

मूळचा मी वनस्पती तुपाचा डबा. पलूसच्या बाजारात एकाने मला पत्र्याची मूठ जोडली आणि माझं टमरेल झालं. घरात माझा मान मोठा. पहाटे म्हातारी बनुबाई, मग तिची सून अंजना, मग मुलगा नाथाजी, सगळे मलाच घेऊन ओढ्याकडे जायचे. आलेला पाहुणासुद्धा चहाच्या आधी माझी चौकशी करायचा.

नाथाजी फौजेतून हवालदार होऊन परतलेला. त्याच्या ट्रंकेत जंतू मारायच्या कॅप्सुलींचा डबाच होता. शिंक आली, घे कॅप्सूल. अठ्ठ्याहत्तर साली दाढ सुजली तेव्हा त्याने दहा दिवस त्या खाल्ल्या, आईला खोकला झाला म्हणून तिलाही चारल्या. मग त्याचं पोट जे बिघडलं! दिवसाला पंधरा खेपा. त्याला ओढा सुटेना, मला त्याची मूठ सुटेना. दोघेही पुरते अडकलो. यावर त्याने काय करावं? आणखी कॅप्सुली. चौथ्या दिवशी बनुबाईलाही तेच लागलं, आणि दोन दिवसांत तिला मान उचलवेना.

अंजनाने दोघांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून सांगलीला नेलं. मलाही न्यावं लागलं, का ते विचारू नका.

डॉक्टर म्हणाले, "हवालदार, पोटात भले जंतूही असतात. ते राखण करतात. तुमच्या कॅप्सुलींनी राखणदार मारले आणि एक चिवट चोर तेवढा माजला. आता तो हातावरून, भांड्यावरून दुसऱ्याच्या पोटात शिरतोय."

"म्हंजे आयेला म्या दिलं?" नाथाजीने विचारलं.

डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. माझा पत्रा आतल्या आत आक्रसला.

त्यांनी कॅप्सुली बंद केल्या, म्हातारीला सलाईन लावलं आणि बजावलं, की आजाऱ्याचं भांडं वेगळं ठेवा, हात साबण-पाण्याने धुवा, नुसतं स्पिरिट चोळून हा चोर मरत नाही. आठ दिवस म्हातारी जगते की जाते, कळत नव्हतं. नवव्या दिवशी तिने पेज मागितली.

आता माझा पराक्रम. घरी आल्यावर तिने सवयीने माझ्याकडे हात केला. मी ठरवलं, हिला आपला स्पर्श होऊ द्यायचा नाही. टुणकन जी उडी मारली, ती थेट या खिळ्यावर. तेव्हापासून इथेच आहे, आपखुशीने. कुणी डांबलेलं नाही. तेव्हा मित्रांनो, जुन्या भांड्याच्या त्यागाची कदर...

"आवं टमरेलराव," खालून बादली बोलली, "उडी मारलीसा, तर मग ही तार कुणी आवळली? अंजनावैनीनं बांधलं तुमास्नी, अन् मग कोपरापातूर साबण लावून हात धुतलं. पाणी माज्यातलंच व्हतं."