सोळा फुटी काठ्या

“उजवा हात घरी विसरून आलात काय, अर्डेलबाई?” दुकानदार रेफर्डने विचारलं.

अर्डेल प्रूइट दुकानामागच्या खडीच्या अंगणात उभी होती. उजवा हात तिने पाठीमागे घट्ट दुमडून धरला होता आणि डाव्या हाताने चौदा फुटांची गळाची काठी उचलून बघत होती. एवढ्या लांब काठ्या दुकानात उभ्याच राहत नाहीत, छताला लागतात. म्हणून रेफर्ड गिऱ्हाइकाला बाहेर आणतो. तिथे एका जुन्या ट्रकच्या फळीवर त्याने होडीवर असते तशी खोबण ठोकली आहे. काठीचं बूड त्या खोबणीत बसवायचं, शेंड्याला शिशाचं वजन टांगायचं आणि किती वाकते ते बघायचं. तळ्यावर जाणाऱ्या साऱ्या गावाच्या काठ्या याच ट्रकवर ठरलेल्या.

अर्डेलने जोर लावला. काठी खोबणीतून वीतभर वर आली, मनगट कलंडलं आणि शेंडा सरळ खडीत जाऊन रुतला.

“ही नको. आखूड दाखव.”

“अहो, ही आखूडच म्हणायची. डॉगवूडची झाडं फुललीत, क्रॉपी मासा अंडी घालायला काठाशी आलाय, कमरेएवढ्या पाण्यात. होडीची सावली दिसली की पसार! गळ होडीपासून जितका लांब तितका बरा. हॉइटकडे चांगल्या सोळा फुटी होत्या की, त्या कुठे गेल्या?”

“चर्चच्या बाजारात देऊन टाकल्या.” अर्डेलने मान खाली घातली. “जानेवारीत. मला वाटलं, रोज भिंतीवर दिसल्या तर त्याचा जीव तुटेल.”

“त्याला विचारून?”

तिने खडीत रुतलेला शेंडा उपसून काढला.

बाकावर कॉफी पीत बसलेला म्हातारा टॉक्सी म्हणाला, “रेफर्ड, बाईंना ती दहा फुटी दे. बेडूक पकडायला झकास!”

“टॉक्सी, तोंडात कॉफी आहे ना? तीच गीळ.” रेफर्ड तिच्या पाठीमागच्या हाताकडे बघत होता. त्याला आता उमगलं होतं. आवाज उतरवून तो म्हणाला, “एकाच हाताने उचलता यायला हवी, असं ना?”

“डाव्या.”

ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याला, हॉइटला, अर्धांगाचा झटका आला. चाळीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेला तो उजवा हात दोरीसारखा लोंबायला लागला, पाय ओढायला लागला आणि वाचा गेली. सगळी नव्हे, एक शब्द उरला. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात ज्याच्या तोंडून अर्डेलने अपशब्द ऐकला नव्हता, त्या माणसाजवळ देवाने नेमका एक शब्द ठेवला, “च्यायला.” भूक लागली तरी च्यायला, पाय दुखला तरी च्यायला. पाद्री भेटायला आले, डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, तेव्हा हॉइटने भरल्या डोळ्यांनी त्यांचा हात धरला आणि अत्यंत आदराने तेच म्हटलं. अर्डेलला धरणी दुभंगावी असं झालं. पाद्री मात्र म्हणाले, “आमेन.”

डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, मनाची तयारी ठेवा. आणि मार्च लागल्यापासून हॉइट रोज न्याहारी झाली की पाय ओढत गराजात जायचा, ट्रेलरवर उभ्या असलेल्या होडीत कसाबसा चढायचा आणि पुढच्या खुर्चीत तासन्‌तास बसायचा. समोर गराजाचं बंद दार. ते बघितल्यावर अर्डेलने ठरवलं होतं, दुसरं काही घडण्याआधी एकदा, एकदाच, त्याच्या हातून मासा निघाला पाहिजे.

दहा फुटी चार काठ्या घेऊन ती घरी आली. हलक्या, पिसासारख्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने त्या मांडल्या आणि हॉइटच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने एक काठी उचलली. सहज उचलली, शेंडा जरासुद्धा झुकला नाही. अर्डेलला हसू फुटलं. पण मग त्याने काठीवरून बोटं फिरवत नेली, बुडापासून शेंड्याकडे, आणि काठी मध्येच संपली तशी बोटं हवेत थांबली. त्याने भिंतीकडे पाहिलं. रिकाम्या खुंट्या होत्या.

“च्यायला,” तो हळूच म्हणाला. रागाने नव्हे. कुणी गेल्याचं कळल्यावर माणूस म्हणतो तसं.

“अरे, माझं चुकलं, हॉइट. मला काय ठाऊक तू पुन्हा...”

त्याने डाव्या हाताची पाच बोटं उघडली, मिटली. पुन्हा उघडली, मिटली. तिसऱ्यांदा. आणि मग एकच बोट.

“सोळा? अरे, उचलता नाही येणार तुला!”

सहा महिन्यांत हे तिने मोठ्याने कधी म्हटलं नव्हतं. शर्टाची बटणं लावताना नाही, ताटातला घास कापून देताना नाही. बोललेला शब्द टेबलावरच्या काठ्यांसारखा दोघांमध्ये पडून राहिला. हॉइटने मान हलवली. नकारार्थी नव्हे. ठाऊक आहे, अशी. आणि सोळावं ते एक बोट पुन्हा वर केलं.

दुसऱ्या दिवशी रेफर्डने दहा फुटी परत घेतल्या आणि अंगणात सोळा फुटी चार काढल्या. शेंडा मऊ, कणा ताठ, अशा निवडून. चारही एका मापाच्या हव्यात, तो म्हणाला, शेंडे एका ओळीत राहिले की कुठला हलला ते चटकन दिसतं.

“पण अर्डेलबाई, यांनी त्याला मासा नाही मिळायचा.”

“गळाला लागेल. उचलता येणार नाही.”

रेफर्डने टोपी काढून डोकं खाजवलं. “धक्क्यावर मी येतो. होडी सोडून देतो, गळही बांधून देतो. बाकी...”

“बाकी देवाची मर्जी.”

अर्डेल लग्नापासून रोज पहाटे कॉफीआधी गुडघे टेकून एक अध्याय वाचते. तो नेम ताप असला तरी तिने मोडला नव्हता. शनिवारी पहाटे अध्याय संपल्यावरही ती उठली नाही. मदत करण्याची आता तिच्या हातांना खोडच लागली होती. हॉइटने चमचा उचलायच्या आत तो तिच्या हातात असायचा. तिने देवाला शब्द दिला, तळ्यावर तो मागेल तेव्हाच हात पुढे करीन. आधी नाही.

आठ वाजता रेफर्डने होडी पाण्यात सोडली आणि तो धक्क्यावर थांबला. पुढे दोन खुर्च्या होत्या. डावीत हॉइट, उजवीत अर्डेल, आयुष्यात पहिल्यांदा. चारही काठ्या समोरच्या खोबणींतून पंख्यासारख्या पसरल्या होत्या आणि पिसांची आमिषं खूप पुढे, बुडालेल्या झाडांच्या खोडांपाशी पाण्यात होती. डाव्या पायाखालची मोटारीची पट्टी दाबत हॉइट होडी चालवत होता. इतकी हळू, की तरंगतं पानसुद्धा पुढे जाईल. त्याची नजर शेंड्यांवरून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरत होती. त्या नजरेला काही झालेलं नव्हतं. अर्डेलला वाटलं, हा माणूस मी घरात कधी पाहिलाच नाही.

पहिल्या काठीचा शेंडा बोटभर खाली गेला. हॉइटचा हात तोवर बुडावर पोचलाही होता. या माशाचं तोंड कागदासारखं असतं, हिसका दिला की फाटतं, अलगद उचलावं लागतं. त्याने अलगदच उचललं. काठी वीतभर वर आली. मग मनगट कापायला लागलं, कलंडलं, शेंडा सपकन पाण्यावर आपटला. मासा सुटला.

अर्डेलने दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

दुसरी काठी. वीतभर, आणि सपकन.

तिसऱ्या वेळी त्याने बूड काखेत दाबून बघितलं, पुढे वाकला, मानेच्या शिरा तटतटल्या. मासा पाण्यातून वर आला, उन्हात चमकला, तिने तो पाहिला, केवढा थोरला! मग काठी काखेतून निसटली. हॉइटने तोंड उघडलं आणि या वेळी तो एक शब्दसुद्धा बाहेर आला नाही. अर्डेलच्या हातांना मुंग्या आल्या होत्या. ती पाण्याकडे बघत राहिली, कारण त्याच्याकडे बघणं हीही मदतच झाली असती.

चौथ्या काठीचा शेंडा झुकला. हॉइटचा हात बुडावर गेला आणि तिथेच थांबला. शेंडा पुन्हा झुकला. त्याने उचललं नाही. त्याने काठीच्या बुडावर दोन बोटं हलकेच आपटली आणि तिच्याकडे न बघता आपला गुडघा बाजूला घेतला, तिला जागा होईल इतका.

अर्डेल उठली. दोन्ही हातांनी काठी धरली. जड नव्हती, तिला तर जड नव्हतीच. अलगद उचलली आणि मासा पाण्यातून निघून झोका घेत थेट हॉइटच्या छातीवर आला. त्याने तो डाव्या हाताने शर्टावर दाबून धरला. शर्ट भिजला. अंगठ्याने त्याने गळ सोडवला, माशाच्या ठिपक्यांवरून एकदा हात फिरवला आणि तो पाण्याच्या पेटीत सोडला.

“मोठाय ना रे?” ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग राहिलेल्या तिन्ही काठ्यांच्या बुडांवर त्याने पाळीपाळीने दोन बोटं आपटली. एक, ही. दोन, ही. आणि ही. दर वेळी तिच्याकडे बघून, तिने मान हलवेपर्यंत थांबून.

नंतर कठड्यावर पडलेला उजवा हात त्याने डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि त्याच्यावर डावा ठेवला. डाव्या पायाने होडी मात्र तो सरळ चालवत राहिला.