हळू चाललोय, पुढे व्हा

"तीन नंबरच्या बेअरिंगची कॅप तिनालाच बसव. अदलाबदल केलीस तर बोंबललं सगळं," खुर्चीवरून रोलंड म्हणाला.

"कळलं रे बाबा! उभा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला माझा. कुठलं झाकण कुठल्या पातेल्याचं, एवढं कळतं मला," गाडीखालून थेल्मा म्हणाली.

इंग्लंडातल्या ननीटन गावच्या त्या अरुंद गॅरेजात हिरवी, मिटत्या कापडी टपाची, दोनच माणसांची स्पोर्ट्स गाडी चार लोखंडी घोड्यांवर उचलून ठेवली होती. खाली पॅसेजमधला जुना गालिचा अंथरून त्यावर थेल्मा उताणी पडलेली. सत्तरी उलटलेली बाई, केसांत तेल, तेही इंजिनचं! रोलंडचा उजवा हात मांडीवर निपचित होता. डाव्या हातात बॅटरी धरून तो तिला उजेड दाखवत होता. हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून शब्दही त्याला एकेक करून गोळा करावे लागत.

तिने झिजलेलं बेअरिंग काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. बोटभर रुंदीची अर्धगोल पट्टी. वरचा करडा थर पार उडून तांबं उघडं पडलं होतं.

"बघ, म्हणून ठोके देत होती," तो म्हणाला. "बिचारी सांगत होती, आणि मी आपला चालवतच राहिलो."

थेल्माने नवी पट्टी हातात घेतली. सांगण्याबिंगण्याचा विषय तिला नको होता.

कारण गाडी विकलेली होती. रोलंड मंगळवारी व्यायामाला इस्पितळात जाई, तेव्हा लेस्टरचा एक माणूस येऊन गाडी बघून गेला होता. "ठोका काढून द्या, शनिवारी नेतो," म्हणाला. रोलंडला जिना चढवत नव्हता. बैठकीतल्या कोचावर तो किती दिवस काढणार? गॅरेजची खोली करायची, शेजारी न्हाणी काढायची, म्हणजे गाडीला जागा उरत नव्हती. हे सगळं त्याला नीट सांगता आलं असतं. पण त्या संध्याकाळी तिच्या तोंडून भलतंच निघालं, "चल, ठोका काढू या. ऑगस्टमध्ये वेल्सला जाऊ."

आणि हा माणूस दुसऱ्या दिवशी उठून स्वतःच्या हाताने दाढी करून बसला! डाव्या हाताने, चार ठिकाणी कापून घेत. नाश्त्याला दोन अंडी मागून खाल्ली. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. आपण नवऱ्याला फसवतोय, तेही तो दुबळा असताना, हे तिच्या मनातून हलत नव्हतं.

"तेल लाव आधी नव्याला. बोटानं. हात आखडू नकोस."

तिने लावलं. पट्टी खाचेत बसवली, कॅप चढवली आणि लांब पान्याने नट आवळायला घेतला. ठरलेला जोर पुरा झाला की पाना आपणहून आवाज करी.

"वाजलं?"

"वाजलं."

"शाबास, बाईसाहेब. आमच्या गाड्यांच्या कारखान्यात असतीस तर माझी नोकरी खाल्ली असतीस."

तिला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. गाडीखाली होती ते एक बरं होतं.

"रोलंड, ते वेल्सचं म्हणत होते मी..."

"आधी काम. गप्पा मग."

शुक्रवारी दुपारी तेल भरून झालं. रोलंडने तिला प्लगच्या तारा काढून आधी नुसतंच इंजिन फिरवायला लावलं. तेलाचा काटा वर चढला तेव्हा कुठे तारा जोडू दिल्या. गाडी सुरू झाली. रोलंड डोळे मिटून ऐकत राहिला. थेल्मानेही कान दिला. ठोका गेला होता.

"बंद कर," तो म्हणाला. मग त्याने स्वेटरच्या आतून पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा होता. त्यावर डाव्या हाताची, खाली घसरत गेलेली अक्षरं होती: 'नवं इंजिन. हळू चाललोय. पुढे व्हा.'

"मागच्या काचेला लाव. आणि त्याला सांग, नवी बेअरिंगं रुळेपर्यंत, पहिले पाचशे मैल, पळवायची नाही."

"कुणाला?"

"जो नेणार आहे त्याला."

थेल्माने पुठ्ठा हातात घेतला. "कधी कळलं तुला?"

"माझी गाडी चालवायची टोपी तू घरात आणून खुंटीला लावलीस तेव्हा. ती टोपी कधी गाडीबाहेर आली होती का, सांग?"

"मग बोलला का नाहीस, मेल्या? मी इकडे रोज जळत होते!"

"ठोका घेऊन कशी धाडायची तिला?" तो थांबला. पुढचे शब्द गोळा व्हायला वेळ लागला. "आणि तू वेल्स म्हणालीस ना... बरं वाटलं गं ऐकायला."

"चुकले रे मी. तुला जिना नको म्हणून गॅरेजची खोली करायची होती," ती म्हणाली. त्याने तिचा तेलकट हात नुसता धरून ठेवला.

शनिवारी लेस्टरचा माणूस आला. त्याने पुठ्ठा पाहिला, हसला नाही, हे थेल्माला आवडलं. गाडी अगदी सावकाश गल्लीतून निघाली. मागून आलेल्या व्हॅनने दोनदा हॉर्न मारला आणि मग वळसा घालून ती पुढे गेली.

"वाचता येत नाही लेकाच्याला," रोलंड म्हणाला.

वारा गार होता. थेल्माने आत जाऊन खुंटीवरची टोपी आणली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. त्याने ती डाव्या हाताने काढली, मांडीवर धरून जरा वेळ बघितली आणि तिच्याकडे दिली.

"राहू दे खुंटीलाच," तो म्हणाला. "चल, गॅरेजात पलंग कुठे टाकायचा ते बघू."