पाणबुडीचा डबा

आमच्या घरात एकही डिस्क कधी स्वतःच्या डब्यात राहिली नाही. याचं सगळं श्रेय माझ्या नवऱ्याला, डेसला. एक सिनेमा काढायचा, दुसरा लावायचा, आणि काढलेला जो डबा उघडा दिसेल त्यात कोंबायचा. एकेचाळीस वर्षांच्या संसारात निम्मी वर्षं मी यावरून त्याच्याशी भांडत आले आणि ऐन वेळी नेमकं तेच विसरले.

झालं असं, की पुढच्या खोलीत हॉस्पिटलचा पलंग यायचा होता. डेसला जिना चढवेना. मोटर न्यूरॉनचा आजार. आधी डावा हात गेला, मग जीभ जड झाली, आणि फेब्रुवारीत बोलणं पार थांबलं. पलंग सोमवारी दुपारी येणार होता आणि जिथे तो लावायचा त्या भिंतीवर डेसने स्वतः ठोकलेलं शेल्फ होतं. त्यावर सिनेमे, गाणी, गेम मिळून तीनशे बारा डबे. जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानातली बाई म्हणाली, "डिस्क? नको गं बाई, आमच्याच धूळ खात पडल्यात." मग मी इंटरनेटवर जुन्या डिस्क विकत घेणारी एक कंपनी शोधली.

ते काम सोपं होतं. डब्यामागच्या काळ्या पट्ट्यांसमोर फोन धरायचा, टुक वाजलं की भाव दिसतो. पाच पेन्स. तीस पेन्स. 'हे आम्ही घेत नाही.' एका युद्धाच्या गेमला चक्क चार पौंड आले तेव्हा मी खोलीत एकटीच ओरडले. त्या टुकची मला चटकच लागली. शुक्रवारी आणि शनिवारी मी दुसरं काही केलं नाही. डबा उघडून बघायचं मनातही आलं नाही, कारण फोन कुठे उघडून बघत होता? सोमवारी सकाळी कुरियरवाला पाच खोकी घेऊन गेला, दुपारी पलंग आला, आणि मी स्वतःवर भलतीच खूश होते.

बुधवारी फिलिपा आली. ती डेसला बोलण्यासाठी मदत करणारी थेरपिस्ट, गुणी पोरगी. डेस उजव्या हाताच्या एका बोटाने टॅबलेटवर टाइप करायचा आणि ते यंत्र बोलायचं. पण आवाज कुणाचा, तर लंडनच्या एखाद्या बँक मॅनेजरचा! हल शहरातल्या गिलावा करणाऱ्या गवंड्याशी मी लग्न केलं आणि आता रोज सकाळी बँक मॅनेजर माझ्याकडे चहा मागतो. मला त्या आवाजाची चीड यायची. डेसलाही यायची, म्हणून तो दिवसेंदिवस कमी टाइप करायला लागला होता. सरळ सांगायचं तर तो गप्प होत चालला होता आणि मी घाबरले होते.

"त्यांचा स्वतःचा आवाज यंत्रात घालता येतो," फिलिपा म्हणाली. "मी वर्षापूर्वी म्हटलं होतं ना, रेकॉर्ड करून ठेवा म्हणून."

"म्हटलं होतंस. आणि साहेब काय म्हणाले होते? 'मला काय धाड भरलीय?'"

डेसने खांदा उडवला. एकच खांदा उडतो त्याचा.

"आता जुन्या रेकॉर्डिंगवरूनही होतं," ती म्हणाली. "दोन-तीन मिनिटं पुरतात. पण बोलणं हवं हं, गाणं नको. कुठल्या समारंभाचा व्हिडिओ वगैरे?"

व्हिडिओ ढिगाने होते. पण प्रत्येकात डेस कॅमेऱ्यामागे, मुका. मी मान हलवणार एवढ्यात त्याचं बोट चालायला लागलं. बराच वेळ चाललं. मग बँक मॅनेजर म्हणाला, "क्लबातली कॅराओकेची डिस्क. पाणबुडीच्या सिनेमाच्या डब्यात आहे."

आमच्या क्लबात शुक्रवारी कॅराओके असायचं. माल्क नावाचा माणूस ते चालवायचा आणि दोन पौंड दिले की तुमच्या गाण्याची डिस्क तिथल्या तिथे करून द्यायचा. डेस आयुष्यात एकदाच गायला होता. ती डिस्क त्याने जपून ठेवली हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

मी भिंतीकडे बघितलं. फिलिपाने बघितलं. डेसने बघितलं. भिंतीवर शेल्फच्या जागी गिलाव्याला पडलेली आठ भोकं होती.

डेसने टाइप केलं, "राहू दे. काही बिघडत नाही."

त्याच बँक मॅनेजरच्या आवाजात! माझ्या डोक्यात तिडीक गेली. "बिघडत कसं नाही?" मी म्हटलं. "तू राहू दे म्हणशील, मी नाही राहू देणार."

कंपनीला फोन नंबर नव्हता. लिहून विचारायची खिडकी होती आणि तिच्यात उत्तरं देणारं यंत्र. मी सगळं लिहिलं, त्याने मला नियम सांगितला. डबा आणि डिस्क जुळत नसेल तर ती डिस्क बाद, बाद डिस्क चुऱ्यात जाते, आणि पाठवलेला माल परत मिळत नाही. "तुमचं समाधान झालं का?" असंही विचारलं. मी जे लिहिलं ते इथे सांगत नाही.

पण खोक्यावरच्या चिठ्ठीची पावती माझ्याकडे होती. मी कागद फेकत नाही. त्यावर गूल गावाजवळच्या गोदामाचा पत्ता होता. गुरुवारी सकाळी शेजारच्या थेल्माला डेसपाशी बसवलं, त्याचं मासेमारीचं घडीचं स्टूल काखोटीला मारलं आणि आगगाडी पकडली.

फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, "बाहेरच्या लोकांना आत सोडत नाही, मावशी."

"मी आत कुठे येतेय?" मी म्हटलं, आणि फाटकासमोर स्टूल मांडून बसले.

"इथे बसता येणार नाही."

"मग उचल मला."

त्याने मला नीट न्याहाळलं. मी काही हलकी बाई नाही. तो निमूट आपल्या खोलीत गेला. पाऊण तासाने त्यानेच चहा आणून दिला, पण फाटक उघडलं नाही. वारा नदीवरून सरळ अंगावर येत होता आणि गुडघे ठणकत होते. त्यात फिलिपाचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, बोलणं हवं, गाणं नको. म्हणजे सापडली तरी उपयोग होईल की नाही, देव जाणे. तरी उठावंसं वाटलं नाही. घरी जाऊन त्या आठ भोकांकडे बघत बसण्यापेक्षा हे बरं होतं.

साडेबाराला माल तपासणारी एक बाई सिगारेट ओढायला बाहेर आली. पोलंडची, नाव बोझेना, पन्नाशीची. तिने विचारलं, "स्टूल घेऊन कशाला बसलाय तुम्ही? संप आहे का?"

मी सांगितलं. पाच खोकी, हलहून, टास्कर या नावाने.

तिची सिगारेट तोंडापर्यंत जाता जाता थांबली. "टास्कर? ते तुमचं घर? अहो बाई, माझ्याच टेबलावर आली काल! एक डिस्क म्हणून आपल्या डब्यात नव्हती. लहान मुलांच्या डब्यात भुताचा सिनेमा! अख्ख्या टेबलाने हसून घेतलं. आम्हाला वाटलं, कुणीतरी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम नाही. नवऱ्याने केलंय."

"माझाही तसलाच होता," ती म्हणाली, आणि सिगारेट विझवली. "बादचा माल तीनला ट्रकमध्ये जातो. थांबा."

आत न्यायची तिला परवानगी नव्हती, म्हणून तिने क्रेट बाहेर आणले. हातगाडीवर तीन क्रेट, पहारेकऱ्याच्या खोलीत. आठवड्याभराचा बाद माल, हजारेक डिस्क, नुसत्या, डब्यांशिवाय. मी एकेक उचलून नाव वाचायला लागले.

"वाचू नका, दिवस जाईल," बोझेना म्हणाली. "उलट्या करा. कारखान्यातली खालून चांदीसारखी असते. घरी केलेली निळसर दिसते. निळी तेवढी काढा."

आणि ती जेवणाची सुट्टी सोडून माझ्याबरोबर बसली. थोड्या वेळाने पहारेकरीही बसला. दोन वाजून गेले. निळ्या निघाल्या त्यात कुणाचं बारसं, कुणाची शाळेची नाटकं. दोन चाळीसला पहारेकरी म्हणाला, "मावशी, ही बघा." निळ्या पेनाने माल्कचं गिचमिड अक्षर, 'डेस टी.' मी त्या दाढीवाल्या पहारेकऱ्याचा मुकाच घेतला.

संध्याकाळी घरी आले. आता ऐकायची कशावर? प्लेअर तर मी शेल्फबरोबरच देऊन टाकला होता. पण डेसची व्हॅन दारात उभी होती. ती तो विकू देत नव्हता, आणि तिच्यात डिस्क लावायची जुनी सोय होती. थेल्माने आणि मी त्याची चाकाची खुर्ची व्हॅनच्या उघड्या दारापाशी लावली. मी आत चढले, डिस्क घातली.

आधी खरखर. ग्लासांचा आवाज. मग माल्क म्हणाला, "मशीन अडकलंय रे, दोन मिनिटं काहीतरी बोल."

आणि डेस बोलला. माझा डेस, हलचा, घशात सिमेंट अडकल्यासारखा.

"काय बोलू? मी गवंडी आहे, भिंतीशी बोलतो. ती आमची एव्हरिल बघा, खिडकीपाशी. तोंड बघा कसं केलंय! का, तर मी तिच्या नव्या गालिच्यावर बुटांनी गेलो. अगं, हस की. हे गाणं तुझ्यासाठीच आहे, आणि मी ते भयंकर म्हणणार आहे..."

साडेतीन मिनिटं बोलला. माल्क, तुझ्या मशीनचं भलं होवो. मग गायला, ते खरंच भयंकर होतं. त्या रात्री मी हसले नव्हते, हे मला आठवलं. गालिच्यासाठी रुसून बसले होते. मी व्हॅनमध्ये स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, आणि बाहेर डेस एका बोटाने खुर्चीच्या हातावर ताल धरत होता.

यंत्रातला आवाज तयार व्हायला तीन आठवडे लागले. फिलिपाने टॅबलेट त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हं, काहीतरी बोला."

त्याने टाइप करायला घेतलं. किती वेळ लावला त्याने! मी ओठ घट्ट मिटून उभी होते. शेवटी त्याने बटण दाबलं, आणि खोलीत त्याचा आवाज आला, तोच जाडाभरडा, भिंतीशी बोलणारा.

"डबा उघडून बघायचा असतो गं, बाई."

"तू मेल्या," मी म्हटलं, आणि हसले. या वेळी हसले. "पुन्हा म्हण."

त्याने पुन्हा बटण दाबलं.