नखबाबाचं लाल पाणी

पाणी लाल झालं आणि मुरबे गावातल्या जयवंतीच्या अंगणात बायकांनी एकदम तोंडाला पदर लावले. मागच्या पुरुषांनी मोबाइल उंच धरले. काचेच्या वाडग्यात जयवंतीच्या उजव्या हाताची बोटं बुडलेली होती आणि नखांभोवतीच्या सुजलेल्या कातडीतून तांबडे धागे सुटून पाण्यात पसरत होते. त्याआधी बाबाचा चेला भावेश याने त्याच पाण्यात बोट बुडवून दाखवलं होतं, तेव्हा पाणी होतं तसंच राहिलं होतं. एवढा पुरावा झाल्यावर शंका कोण घेणार?

"बघा, बघा!" नखबाबा गरजला. "नखात दडून बसली होती! नख म्हणजे देहाचा दरवाजा, आणि चोर दारातूनच शिरतो. हे पोरीचं रक्त नाही, करणीचं रक्त आहे!"

"जळतंय, बाबा!" जयवंती कळवळली.

"जळणारच! तू नाही, करणी जळते आहे!"

नखबाबाचं खरं नाव बळवंत. पूर्वी तो मूळव्याधीच्या अंगठ्या विकायचा, असं बोईसरच्या बाजारात सांगतात. मूळव्याधीपासून नखापर्यंत मजल मारायची म्हणजे साधना लागतेच म्हणा!

गर्दीत उभ्या असलेल्या रूपलला संताप आवरत नव्हता. बोईसरला तिचं पार्लर होतं. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून इथे आले, ती इथेच वाढली. जिभेने तिखट आणि कामात पक्की. लग्न तोंडावर आलं म्हणून जयवंती गेल्या आठवड्यात तिच्याकडे मॅनिक्युअर करायला आली होती. लहानपणापासून बर्फाच्या पाण्यात हात घालून कोळंबी सोललेली. नखांच्या मुळाशी जी पातळ कातडी नखाला चिकटून असते, ती पार निघून गेलेली. भोवतीचं मांस लाल, फुगलेलं. दाबलं की पू. रूपलने हातातली अवजारं खाली ठेवली आणि म्हणाली, "मी याला हात लावणार नाही. आधी डॉक्टरला दाखव."

बोलली ते अगदी बरोबर. पण दुकानात गर्दी होती, म्हणून दोन शब्दांत बोलून मोकळी झाली. मुरब्याला पोचेपर्यंत त्याचं झालं, "पार्लरवालीनेबी हात लावला नाय, तिलाबी भ्या वाटला!" करणी काढायला बोलावलेल्या बाबाने तर ते पहिल्या दिवसापासून साक्षीपुरावा म्हणून वापरलं. एका गिऱ्हाइकाच्या तोंडून ते रूपलच्या कानावर आलं, तशी ती दुकान बंद करून रिक्षाने इथे आली होती.

"कोणी केली, बाबा?" शेजारच्या गोजराबाईंनी विचारलं. या बाईंना दुसऱ्याच्या घरातलं सगळं आधी कळायला हवं असायचं.

बाबाने डोळे मिटले. "जिच्या हातचं लहानपणी खाल्लं, तिने."

सगळ्यांच्या माना ओट्याकडे वळल्या. तिथे जयवंतीची आत्या काशीबाई बसली होती. आई गेल्यावर जयवंतीला आणि तिचा भाऊ मितेश याला तिनेच वाढवलं होतं. काशीबाई विधवा, पोटी मूल नाही, आणि तोंडाने फटकळ. चेटकीण ठरायला आपल्याकडे एवढी पात्रता पुरते.

"आत्या," मितेश खाली बघत म्हणाला, "रागावू नको. लगीन होईस्तोवर तू बेटेगावला जाऊन रहा."

"होईस्तोवर नाही, कायमची!" बाबा कडाडला. "ती उंबरा ओलांडून गेली की मी या पाण्यात लिंबू पिळीन. लाल पाणी पिवळं होईल, तीच करणी उतरल्याची खूण. ती घरात असेपर्यंत पिळलं, तर नवरदेव मेला म्हणून समजा! आणि तोवर डॉक्टर नाही, गोळी नाही!"

काशीबाई उठली. आत गेली आणि पिशवीत दोन लुगडी कोंबून पुन्हा ओट्यावर आली. जयवंती रडत होती, पण थांब म्हणायची तिला हिंमत होईना. नवऱ्या मुलाच्या जिवाची भीती घातल्यावर कुठल्या मुलीला होईल?

रूपल गर्दीतून पुढे घुसली आणि वाडग्यावर वाकली. पाण्याच्या कडेने पांढरट साय धरली होती. जयवंतीच्या नखांच्या कोपऱ्यांत पिवळं काहीतरी अडकलं होतं.

"जयवंती, तुला हळद कोणी लावायला सांगितली?"

"बाबांनीच. रातभर लेप ठेवायचा आनि सकाळी पुसून टाकायचा."

"आणि या भावेशने लावली होती का?"

भावेश बाबाच्या तोंडाकडे बघायला लागला.

रूपलने पर्समधून कापसाचा बोळा काढला. "गोजरामावशी, चिमूटभर हळद आणा. आणि एका बशीत बाबांच्या तांब्यातलं ताजं पाणी ओता."

"खबरदार!" बाबा तांब्यावर झेपावला. "हे सिद्ध केलेलं जल आहे!"

"नुसता कापूस बुडवायचाय, बाबा. कापसाला काय घाबरता?"

गर्दीला तमाशा हवाच होता. "करू दे की!" मागून ओरडा झाला आणि गोजराबाईंनी बाबाच्या हातून तांब्या हिसकावून घेतलासुद्धा. हळदीचा बोळा बशीत पडला आणि बघता बघता लालभडक झाला.

"काय हो बाबा," रूपलने विचारलं, "या कापसाला कोणी करणी केली? याला कुठल्या आत्याने भरवलं होतं?"

"तुझा हात अपवित्र आहे!"

"असेल. गोजरामावशी, तुम्ही सांगा. हळदीला नेसलेलं लुगडं साबणात टाकलं की डागाचं काय होतं?"

"लाल होतो, दुसरं काय व्हायचं..." गोजराबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "अगो बाय!"

त्या अंगणात अशी एकही बाई नव्हती, जिने हळदीचा डाग साबणाने लाल होताना पाहिला नव्हता. दगडावर धुणं आपटताना ती रोजची गोष्ट होती. तीच काचेच्या वाडग्यात घालून दाढीवाल्याने समोर ठेवली आणि सगळ्यांची अक्कल गहाण पडली!

"ही चुन्याची निवळी आहे," रूपल म्हणाली. "पानाला लावता तोच चुना. पाण्यात कालवायचा, खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी घ्यायचं. चुन्यात हळद लाल होते, आंबटात पुन्हा पिवळी होते. सोललेल्या कातडीला चुना झोंबतो, म्हणून ही पोर ओरडली. हिला झालाय तो बोटांचा आजार. हात सतत ओले राहिले की नखाभोवतीची कातडी सुटते आणि फटीतून जंतू आत शिरतात. हात कोरडे ठेवायचे आणि डॉक्टरचं औषध घ्यायचं. हे मी दुकानातच समजावून सांगायला हवं होतं. आता पिळा ते लिंबू."

"पिळू नका! नवरदेव मरेल!" बाबा किंचाळला.

रूपल लिंबाकडे हात नेणार, एवढ्यात जयवंतीने पाटावरची चिरलेली फोड उचलली. "आत्या," ती म्हणाली, "तू जागची हलू नको." आणि तिने डाव्या हाताने लिंबू पिळलं.

वाडग्यातलं लाल पाणी पिवळं झालं. काशीबाई पिशवी घेऊन ओट्यावरच होती. मितेशने घाईघाईने नवऱ्या मुलाला फोन लावला. तो कंपनीत जेवायला बसला होता आणि भाजी खारट झाल्याची तक्रार करत होता.

मग काय विचारता! हसण्याचा नुसता कल्लोळ उठला. भावेशने मोटरसायकल चालू केली होती, पण मितेशने चावी काढून घेतली आणि पोलिसांना बोलावलं. मघाशी चमत्कार टिपणारे मोबाइल आता बाबाची ओढाताणीत सुटलेली दाढी टिपू लागले, कारण ती खोटीच निघाली.

"हसताय काय?"

काशीबाईचा आवाज चढला नव्हता, तरी हसणं थांबलं.

"याला माझं नावबी ठाव नव्हतं. 'जिच्या हातचं खाल्लं' एवढंच हा बोलला. माझ्याकडं माना कोनी वळवल्या? तुमीच ना? आनि मितेश, बेटेगाव याने सांगितलं का तू?"

जयवंतीने आत्याच्या हातातून पिशवी काढून घेतली. संध्याकाळी दोघी मिळून डॉक्टरकडे गेल्या.

वाचणाऱ्यांनो, बाबा येतात आणि जातात. त्यांना पकडायला पोलीस आहेत, कायदा आहे. पण बाबाने नुसती शंका काढली की कुणाकडे बघायचं, हे आपल्या मनात आधीच ठरलेलं असतं, आणि त्याला कायदा काही करू शकत नाही. हळद घरात असते, चुना पानाच्या टपरीवर मिळतो. करून बघायला दोन मिनिटं लागतात. काशीबाईला घराबाहेर काढायचं ठरवायला त्याहूनही कमी लागली होती.