बाईंच्या वहीला लाल शाई

दर रविवारी किल्लारीहून एसटीनं लातूर गाठायचं आणि क्लासच्या पहिल्या बाकावर वही उघडून बसायचं, हा तारामतीबाईंचा दोन महिन्यांचा नेम. सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, अन् आता हुकूम आला, शिक्षक पात्रतेची टीईटी पास व्हा, नाहीतर घरी बसा. परीक्षा तेरा दिवसांवर आली होती.

बाकीचं जमत होतं. इंग्रजीची विरामचिन्हं तेवढी छातीवर बसली होती. बाई ओव्यांत वाढलेल्या. श्वास वळेल तिथं स्वल्पविराम ठेवायच्या, पाळण्यात लेकरू ठेवावं तसा, अलगद.

शिकवणारा गुरुलिंग. चौथीपर्यंत त्यांच्याच हाताखालचा. आता सर झाला होता, तरी बाई आत आल्या की खुर्चीतून उठायचा.

उताऱ्यात चिन्हं भरून सगळ्यांनी वह्या दिल्या. परत आल्या तेव्हा शेजारच्या उज्ज्वलाबाईंची वही लालभडक.

"माझ्या वहीवर तर मिरच्याच वाळत घातल्या की सरानं!" त्या हसल्या. "तुमची कोरी. लई हुशार हाव बाई तुम्ही!"

तारामतीबाईंनी दोन्ही वह्या ताडून पाहिल्या. चूक तीच, त्याच ओळीत. तिकडं लाल गोल, इकडं काहीच नाही. त्यांनी मागची पानं उलटली. दोन महिन्यांत एक लाल खूण नाही. बरोबर समजून जे घोकलं, त्यातलं खरं किती?

क्लास सुटल्यावर त्यांनी हाक मारली, "गुरुलिंग, इकडं ये."

तो आला, हात मागं बांधून.

"माझ्या चुका दिसत न्हाईत तुला?"

"दिसतात, बाई."

"मग?"

"तुमच्या वहीवर लाल पेन... हातच उचलत न्हाई. तुम्हीच गिरवायला शिकवलंत मला."

"अन् माझी नोकरी गेल्यावर उचलणार हाय का? हार घालायला?"

बाईंनी पर्समधून पोरांच्या वह्या तपासायचं लाल पेन काढून त्याला दिलं. पहिलीत धरायच्या तसा त्यांनी त्याचा हात धरला आणि वहीच्या पहिल्या पानावर नेला.

"चल. पहिल्या ओळीपासनं."

एक गोल पडला. मग दुसरा. पान तळापर्यंत भरलं, तेव्हा बाईंच्या कपाळावर घाम होता.

"थांबू का, बाई?"

बाईंनी पान उलटलं.