एका पिंपात गल्ली

थोरला दीर पहार घेऊन शेडमध्ये शिरला, तशी घरची धाकटी सून दोन्ही हात पसरून लाकडी पिंपापुढे उभी राहिली. धाडस म्हणा, मूर्खपणा म्हणा. पहार कोणाचं ऐकते थोडीच!

भांडण होतं बिअर आंबवायच्या खमिरावरून. गल्लीत घरोघरी बिअर बनायची, पण ज्याचं खमीर त्याच्या मडक्यात, शेजाऱ्याला वाससुद्धा द्यायचा नाही. अशाने कारखान्याच्या बिअरपुढे एकेक घर आडवं झालं. मग धाकटीने सगळ्यांची खमिरं एका पिंपात आणली. पहिलीच बिअर अशी उतरली की गेलेली गिऱ्हाइकं मुकाट परत आली. पण बाई भलतीच हट्टी! मडक्याच्या तळाशी पुढच्या खेपेसाठी चमचाभर खमीर राखायची जुनी चाल तिने मोडली. म्हणाली, "सगळं ओता, म्हणजे कोणी मागे फिरणार नाही." आणि लोकांनी ओतलं, हो!

थोरला तेवढा अडून बसला. बापाचं खमीर गावभर वाटायला तो काय वेडा होता? पण त्याची गिऱ्हाइकंही पिंपाकडेच वळली.

"बाजूला हो," तो गुरगुरला.

"दादा, पाया पडते. कोणाकडे थेंब उरलेला नाही. हे गेलं तर गल्ली संपली."

"संपू दे!"

पहार तिच्या कोपरावर बसली. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. त्याने केस धरून तिला भिंतीवर आपटलं आणि पिंपावर घावामागून घाव घातले. फळ्या फुटल्या, फेस जमिनीवर पसरला.

आरडाओरडा ऐकून बायका धावत आल्या, पुढे थोरली जाऊ. तिने कपाळ बडवलं.

"अहो, काय केलंत हे! आपलं मडकंही मी ह्यातच ओतलं होतं. घरात काही नाही!"

थोरल्याचा चेहरा पांढराफटक पडला. पहार टाकून तो गुडघ्यांवर बसला आणि ओंजळीने फेस गोळा करू लागला. धाकटी भिंतीला धरून उठली. तोंडात रक्त. तिने त्याच्या बोटांवर टाच रोवली आणि तो किंचाळेपर्यंत दाबली.

"हात काढ," आजवर अहो-जाहो करणारी ती म्हणाली.

बायकांनी वाट्यांनी फेस भरला. जेमतेम अर्धं मडकं निघालं.

"सगळ्या घरांत थोडंथोडं द्या," धाकटी कण्हत म्हणाली. "एका जागी ठेवायला लावलं, ती माझीच चूक."

"आणि ह्यांच्या घरी?" कोणीतरी थोरल्याकडे बोट दाखवलं.

"ते घर जाऊबाईंचं आहे. त्यांच्या हातात द्या."

जावेने वाटी घेतली आणि नवऱ्याला ओलांडून ती निघून गेली.