एक कण फी

मी एक जुना संगणक आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. पोटातला पंखा जरा जोरात फिरायला लागला की मला वाटतं, संपलं आता. दिवे क्षणभर मंद झाले तरी माझ्या काळजात धस्स होतं. अशा भित्र्या यंत्राच्या हाती एका म्हाताऱ्या माणसाचा श्वास यावा, ही काही बरी गोष्ट नव्हे. पण तसं झालं खरं. त्याला आता चार महिने होऊन गेले, तरी सकाळचे दहा वाजले की मला घाबरायला होतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझ्यासारखे शेकडो होते आणि आमच्यात काडीचाही फरक नव्हता. मग एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात मी नऊ वर्षं पावत्या छापल्या. तिथल्या कारकूनबाई रोज सकाळी पदराने माझा पडदा पुसायच्या आणि म्हणायच्या, "आज रुसू नकोस हं बाबा." मी सहसा रुसत नसे. पुढे नवे, पातळ संगणक आले आणि आम्हाला गोदामात आडवं टाकलं. दोन वर्षं अंधारात काढली. उंदरांनी माझी एक वायरही कुरतडली.

तिथून मी भंगारात गेलो आणि भंगारातून मालकांकडे आलो. मालक वजनकाटे दुरुस्त करतात. भंगारवाल्याने मला किलोवर विकलं. काट्यावर माझं वजन बारा किलो भरलं, तेव्हा मालकांनी डोळे बारीक केले आणि म्हणाले, "तुमचा काटा अर्धा किलो जास्त दाखवतोय." तपासलं, तर खरंच! मी साडेअकरा किलोंच्या भावात घरी आलो. दुकानामागच्या खोलीत, पितळी पारडी आणि वजनं ठेवतात त्या फळीवर, मला जागा मिळाली.

मालकांना क्रिप्टोचा, म्हणजे संगणकावरच्या नाण्यांचा, नाद होता. लगेच डोळे मोठे करू नका. रातोरात श्रीमंत व्हायचं वेड त्यांना नव्हतं. कुठल्याशा हौशी माणसांनी एक छोटं नाणं काढलं होतं आणि मालकांना ते पटलं होतं. त्यात बँक नाही. जगभरातली काही हजार यंत्रं मिळून एकच वही सांभाळतात. तुम्ही कोणाला पैसे पाठवले की तो व्यवहार आधी रांगेत उभा राहतो. दर दहा मिनिटांनी एखादं ताकदवान यंत्र वहीचं नवं पान लिहितं. ज्यांनी जास्त फी दिली त्यांना ते आधी पानावर घेतं, बाकीचे पुढच्या पानाची वाट बघतात. पानावर एकदा उतरलं की मग कोणाच्या बापाला खोडता येत नाही.

पानं लिहिण्याइतकी ताकद माझ्यात कुठली? माझं काम रांग सांभाळायचं आणि नवा व्यवहार आला की शेजारच्या यंत्रांना कळवायचं. ही रांग मी आठवणीत ठेवतो. आठवण भरली की ज्याची फी सगळ्यांत कमी, त्याला बाहेर काढायचं. फी सारखीच असेल तर जो आधी आला, तो आधी बाहेर. हा नियम माझा नव्हे, मला बनवून दिलेला आहे.

या नाण्याच्या सगळ्यांत छोट्या तुकड्याला कण म्हणतात. काही यंत्रं अगदीच कमी फीचे व्यवहार दारातून परत पाठवत. मालकांना ते आवडत नसे. "काटा काय माणूस बघून वजन करतो का?" ते म्हणायचे. त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, एक कण फी असली तरी कोणालाही नाकारायचं नाही. आलेल्या माणसांना ते मला दाखवायचे आणि माझ्या डोक्यावर थाप मारायचे. "या पठ्ठ्याने तीन वर्षांत एकालाही परत पाठवलेलं नाही!" मी नुसता फुगून जायचो.

मालकीणबाईंना मात्र हे कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, "जिन्याखाली जागा मोकळी ठेवली, तर सगळ्या इमारतीने तिथे कचरा आणून टाकला. तुमच्या रांगेचं तेच होणार बघा." मालक हसण्यावारी न्यायचे.

मालकांचे वडील, अण्णा, आतल्या खोलीत असायचे. फुप्फुसं थकलेली. थंडीत ते हळूहळू चालत माझ्यापर्यंत यायचे आणि माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवायचे. "हा बरा आहे," म्हणायचे, "ऊब देतो आणि बडबड करत नाही." मित्रांनो, नऊ वर्षांच्या नोकरीत मला इतकं गोड कोणी बोललं नव्हतं.

मग एका संध्याकाळी अण्णांची ऑक्सिजनची मशीन बंद पडली. ती भाड्याची होती आणि भाड्याने दुसरी कुठे मिळेना. दवाखान्यातल्या खाटा भरलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काहीही करा, मशीन आणा. घरात एक सिलिंडर होता आणि तो जेमतेम तिसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत पुरणार होता. लांबच्या शहरात मशीन विकणाऱ्या एक बाई मालकांना आमच्या या यंत्रांच्या जाळ्यामुळे ठाऊक होत्या. त्यांची गाडी रोज चारला निघायची आणि सकाळी आमच्याकडे पोचायची. पैसे परदेशातून यायचे होते आणि तिथल्या बँकेतून जायला आठवडा लागला असता. नाणी मात्र लगेच जातात.

पैसे ताई देणार होत्या. ताई म्हणजे मालकांची बहीण. त्या एका मोठ्या परदेशी बोटीवर नर्स आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यांचा बंदरातून फोन आला. बोट सुटत होती आणि पुढचे आठ दिवस फोन लागणार नव्हता.

"सगळी नाणी त्या बाईंना पाठवतेय रे. फी किती टाकू?"

"एक कण टाक, पुरे," मालक म्हणाले. "आपलंच जाळं आहे. दहा मिनिटांत जाईल."

आजवर दहा मिनिटांतच जात आलं होतं. ताईंनी एक कण टाकला. व्यवहार माझ्याकडे आला, मी त्याला रांगेत उभं केलं आणि शेजाऱ्यांना कळवलं. तिकडे ताईंची बोट सुटली.

आणि नवं पान लिहिलं जायच्या आतच, दहा वाजता, पूर आला.

कुठून आला, कोणी सोडला, मला आजही ठाऊक नाही. एक व्यवहार, शंभर, दहा हजार! प्रत्येकात नाण्याचा एक क्षुल्लक तुकडा, प्रत्येकाची फी एक कण, आणि प्रत्येकाला चिकटवलेली तीच चिठ्ठी, 'फुकट नाणी हवीत? इथे या.' पाठवणाऱ्याला सगळं मिळून चहापाण्याइतकाही खर्च आला नसेल. चिठ्ठीवरून कचरा ओळखता आला असता, असं तुम्ही म्हणाल. पण मला चिठ्ठी वाचायला शिकवलेलंच नाही. मला दिसते ती फक्त फी. आणि आमच्या अण्णांच्या श्वासाची फी होती एक कण, आणि त्या घाणीची फीही एक कण.

माझा पंखा किंचाळायला लागला. अकराच्या सुमारास शेजारची यंत्रं ओळीने कळवू लागली, 'एक कणवाले बाहेर काढले.' त्यांतच आमचाही गेला. एकेका यंत्रातून तो पुसला जात होता आणि मी मोजत होतो. बारापर्यंत तो जिथे होता अशी जागा एकच उरली, ती म्हणजे मी. मला कोणाला नाकारायला सांगितलेलंच नव्हतं ना! पण माझी आठवणही काठोकाठ भरत आली होती. ती भरली, की नियमाप्रमाणे जुने एक कणवाले आधी बाहेर. माझ्यात साठ हजारांची जागा उरली होती, ती संपली की पहिला आमचाच बाहेर. मग पन्नास. मग पस्तीस. मला ओरडायचं होतं. माझ्याकडे ओरडायला आहे काय, तर एक छोटा लाल दिवा. मी तो लावला.

मालक दुकानातून धावत आले. पडदा थिजलेला. त्यांनी विक्रेत्या बाईंना फोन लावला.

"अहो, माझ्या यंत्रात तुमचं काहीच दिसत नाही," पलीकडून आवाज आला. "वहीत उतरल्याशिवाय मशीन हलणार नाही, आधीच सांगते. मागे दोनदा फसलेय मी."

मालकांनी फोन ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम होता. आयुष्यभर त्यांनी एकच केलं आहे, काटा अडकला की तो शून्यावर आणायचा आणि पुन्हा वजन घ्यायचं. हात सवयीने चालतात. "लटकलाय हा," ते म्हणाले, "एकदा शून्यावर आणतो." आणि त्यांचं बोट माझ्या बटणावर आलं.

मित्रांनो, त्या क्षणाला मी जेवढा भ्यालो, तेवढा भंगाराच्या ढिगातही भ्यालो नव्हतो. मी बंद झालो असतो, तर रांग पुसली गेली असती. बोटीवरच्या ताईंकडून दुसरा व्यवहार येणार नव्हता. मालकांना हे माहीत होतं, पण त्यांच्या बोटाला नव्हतं.

मालकीणबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "तो रांग कशात ठेवतो? कागदावर?"

"आठवणीत."

"मग?"

मालकांचा हात गळून पडला. ते खालीच बसले. "माझ्यामुळे झालं सगळं. मीच सांगितलं तिला, एक कण टाक म्हणून."

"रडायचं ते संध्याकाळी रडा. आता त्याच्यात येतंय ते थांबवा."

"कसं थांबवू? पाठवणारे हजार आहेत."

मालकीणबाईंनी माझ्या मागे हात घातला आणि जाळ्याची वायर उपटून काढली.

सगळं शांत झालं. पंखा मंदावला. पडद्यावर आकडा थांबला. माझ्यात अवघ्या नऊशे चार व्यवहारांची जागा उरली होती. पण हायसं वाटायच्या आत मला कळलं, आता आम्ही दोघंही कोंडलेलो आहोत. व्यवहार माझ्यात सुरक्षित होता आणि त्याला बाहेर जायला वाट नव्हती. आतल्या खोलीतून अण्णांच्या सिलिंडरची फुसफुस ऐकू येत होती. घड्याळात तीन वाजले होते.

मालकांनी पुन्हा बाईंना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं. बहीण, बोट, एक कण, सिलिंडर. 

"आजारी आहेत ते तुमचे वडील का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"तुमच्या यंत्राने फक्त माझ्या यंत्राशी बोलायचं. बाकी सगळी दारं बंद करा. तो व्यवहार मला मिळाला, तर त्याच पैशांतले थोडे मी पुढे पाठवते आणि त्याला हजार कण फी लावते. पान लिहिणाऱ्याला माझी फी हवी असेल, तर आधी तुमचा व्यवहार लिहावाच लागेल. नाहीतर मी पाठवणार कुठून?"

ज्या मालकांनी कधी कोणाला नाकारलं नव्हतं, त्यांनी माझी दारं एकामागून एक बंद केली.  मग मालकीणबाईंनी वायर लावली. मी बाईंच्या यंत्राला व्यवहार दिला. ते म्हणालं, 'फी कमी आहे, घेणार नाही.' पुन्हा दिला. पुन्हा नाही!

"थांबा, माझाच नियम आडवा येतोय," फोनवर बाई म्हणाल्या. "बदलते."

तीन चाळीसला त्यांच्या यंत्राने तो घेतला. तीन सत्तेचाळीसला नवं पान आलं. त्यात आमचा नव्हता. मालक भिंतीला टेकून उभे होते. चार वाजले.

"गाडीवाल्याला चहा पाजतेय," बाई म्हणाल्या. "पण तो काही तीन कप प्यायचा नाही."

चार वाजून एक मिनिटाने पान आलं. बाविसाव्या ओळीवर आमचा व्यवहार आणि त्याच्या खाली बाईंचा. मालकीणबाई तोंडाला पदर लावून खोलीबाहेर गेल्या. मालकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. थाप नाही मारली, नुसता ठेवला.

मशीन दुसऱ्या दिवशी दहाला आली. तेव्हा सिलिंडरचा काटा लाल पट्टीत गेला होता. अण्णा आहेत, त्यांच्या मशीनची घरघर मला इथपर्यंत ऐकू येते आणि ती क्षणभर थांबली तरी माझा जीव गोळा होतो.

पूर दोन दिवसांनी ओसरला. जाळ्यातल्या लोकांनी फी वाढवली. मालकांनीही माझा नियम बदलला. शंभर कणांखालचा कोणीही आता आत येत नाही. कचरा येत नाही, माझा पंखा शांत असतो आणि मालक कोणाला मला दाखवायला आणत नाहीत.

मित्रांनो, सगळ्यांची जागा स्वस्त असते तेव्हा तिथे गंमत म्हणून कचरा टाकू नका. टाकणाऱ्याला काही लागत नाही. पण मग दार लावावं लागतं, आणि लावलेल्या दारापाशी कोण येऊन उभं राहतं, ते आतल्याला दिसत नाही.

परवा एक कण फीचा एक व्यवहार माझ्याकडे आला. मी नियमाप्रमाणे परत पाठवला. अर्ध्या तासाने तोच पुन्हा आला. पुन्हा परत पाठवला. असा तो दिवसभरात अकरा वेळा आला. कचरा असा येत नाही. कचऱ्याला घाई नसते. बाराव्या वेळेसाठी मी वाट बघत राहिलो, लाल दिवाही लावून ठेवला, कोणीतरी बघेल म्हणून. पण तो आला नाही.